कुमुदआत्या आणि दहातले सहा

आमच्या घराण्यात नेमकं बोलणारं माणूस एकच निघालं, आणि त्याचा आम्हा सगळ्यांना फार त्रास झाला.

बाकी आम्ही अघळपघळ. मी अजून बनियनवर असताना फोनवर 'अरे, कोपऱ्यावर आलोच' असं सांगतो आणि सांगताना माझा त्यावर विश्वासही असतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, कुठल्याही विषयावर 'शंभर टक्के' म्हणायचे. शंभर टक्के हा आंबा देवगडचा नाही. शंभर टक्के नळाला आज पाणी येणार नाही. पाणी आलं की 'बघ, मी म्हणालो नव्हतो?' हेही शंभर टक्के आवाजात. अशा घरातली आप्पांची थोरली बहीण, आमची कुमुदआत्या, हवामानाचा अंदाज वर्तवायच्या नोकरीला लागली. यात नियतीचा काही विनोद असेल तर तो आम्हाला बरीच वर्षं कळला नाही.

तिची बहुतेक नोकरी नागपूरला गेली. विदर्भाच्या सपाट मुलखावर होळीनंतर जी गडगडाटी वादळं उठतात, ती कुठे उठतील, गारा घेऊन येतील का, आकाश किती भरेल, हे सांगणं तिचं काम. लग्न केलं नाही. का केलं नाही याबद्दल आमच्याकडे तीन कथा आहेत आणि तिन्ही माझ्या आईने रचलेल्या आहेत. निवृत्त झाल्यावर आत्याने डोंबिवलीत आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर जागा घेतली. तेव्हापासून तिच्या खुर्चीचा आवाज आमच्या छतातून यायचा. सकाळी खुर्ची गॅलरीकडे सरकली की आई म्हणायची, "झालं, ढग मोजायला बसल्या."

ती खरंच मोजायची. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते बघायचं, ही तिच्या खात्याची रीत. नोकरी सुटली, रीत सुटली नाही. उलट ती आकाशावरून खाली उतरून माणसांवर आली. आमच्या दारात पाऊल टाकल्याबरोबर ती आप्पांच्या तोंडाकडे एक नजर टाकून आईला सांगायची, "आज सहा अष्टमांश. दुपारपर्यंत बोलू नकोस." माझ्या नव्या बायकोला, नीताला, पहिल्याच दिवशी बघून ती म्हणाली, "दोन अष्टमांश. छान आहे मुलगी." नीताला वाटलं आपल्याला आठपैकी दोन मार्क मिळाले. त्या रात्री मला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा अंदाज कुणीही वर्तवला नव्हता.

पावसाळ्यात तिला फारसा रस नव्हता. "पावसाळा म्हणजे एसटी," ती म्हणायची. "उशिरा का होईना, येते. वळीव म्हणजे शेअर रिक्षा. भरली की सुटते, आणि मधे कुणाला कुठे उतरवेल ते तिचं तिलाच ठाऊक नसतं." नागपूरला रोज फुग्याला यंत्र बांधून वर सोडायचे. वर हवा किती गार, किती ओली, ते फुगा कळवायचा. खाली तापलेलं आणि वर गार असलं की हवा 'अस्वस्थ' झाली असं ती म्हणायची, आणि म्हणताना एखाद्या विद्यार्थिनीबद्दल बोलावं तसा तिचा आवाज व्हायचा. एवढं सगळं कळूनसुद्धा पाऊस पडेल की नाही हे मात्र ती कधीच सांगायची नाही.

"आत्या, संध्याकाळी छत्री नेऊ का?"

"दहातले चार."

"म्हणजे नेऊ की नको?"

"ते छत्री किती जड आहे त्यावर आहे."

एकदा मी चिडून विचारलं, "आत्या, तू म्हणालीस दहातले सात, आणि एक थेंब पडला नाही. म्हणजे चुकलंच ना?"

तिने चष्मा काढला. चष्मा काढला की शिकवणी सुरू. "मी सात म्हणते तेव्हा दहा वेळांतून सात वेळा पडला पाहिजे आणि तीन वेळा नाही पडला पाहिजे. दहाच्या दहा वेळा पडला तर माझं चुकलं. आज त्या तीनातली एक वेळ होती. माझं काम झालं."

यावर आप्पा म्हणाले, "अशी नोकरी आम्हाला कुणी दिली नाही. काहीही झालं तरी बरोबर!" आणि आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण मला ते समजलं नव्हतं.

तिचं बोलणं पहिल्या फटक्यात समजलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे बामाशेठ. कल्याण-शीळ रस्त्यावर त्याच्या वाडवडिलांची भातशेती होती. आता तिथे त्याचं लग्नाचं लॉन आहे. गळ्यात साखळी, पायात साधी चप्पल. मुलाच्या हळदीच्या आधी तो आमच्याकडे आला. त्या लोकांची हळद म्हणजे अख्खा गाव जेवणार, आणि तोही उघड्यावर.

"ताय, पानी परंल का नाय, तवरा सांगा."

"दहातले तीन," आत्या म्हणाली.

बामाशेठने मान हलवली. "म्हंजे तीनपत्तीसारखा. पान यईल, नाय बी यनार."

"अगदी तसंच."

"मंग जेवनावर पत्रा टाकतंव. नाचनारे भिजले तं भिजूंदे."

पाऊस पडला नाही. आप्पांनी त्याला मुद्दाम गाठून विचारलं, "काय बामाशेठ, पत्रा फुकट गेला ना?" तो म्हणाला, "फुकट कसा? निवांत झोपलू ना मी." त्यानंतर आत्या कधीकधी उगाचच त्याची चौकशी करायची. कसे आहेत रे ते गृहस्थ, म्हणायची.

आणि मग माझ्या बहिणीचं, शिल्पाचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा. व्याही मोठे शिस्तीचे; बोलणी करायला आले तेव्हा चहाचा कप बशीच्या मधोमध परत ठेवला होता त्यांनी. लग्न मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर, बामाशेठच्या लॉनवर. आप्पा दिवसातून चार वेळा जिना चढून वर जायला लागले.

"ताई, त्या दिवशी काय?"

"आता कसं सांगू? जवळ येऊ दे."

दिवस जवळ आला. आत्या तिच्या जुन्या कचेरीतल्या कुणाशी तरी फोनवर बराच वेळ बोलली, मग खाली आली. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत, पत्रिका वाटून दमलेले.

"अरू," ती आप्पांना म्हणाली, "दहातले सहा. संध्याकाळी घाटाच्या बाजूने चढेल."

"म्हणजे पडणार."

"म्हणजे दहातले सहा."

"साठ टक्के?" आप्पा उभे राहिले. "अगं, पस्तीसला पास असतं. साठ म्हणजे फर्स्ट क्लास! फर्स्ट क्लासमध्ये पडणार आणि तू मला सहा-सहा काय करतेस?"

"परीक्षा नाही ही, अरू. लॉन सोडू नकोस. बामाशेठना सांग, मांडवावर आणि जेवणावर पत्रा टाकतील. बाकी बघू."

"माझ्या मुलीचं लग्न पत्र्याखाली? व्याही काय म्हणतील?"

एरवी आमच्या घरात निर्णय व्हायला एक आठवडा आणि दोन भांडणं लागतात. त्या दिवशी चहा निवायच्या आत झाला. लॉन रद्द. कल्याणात बाजाराजवळ एक हॉल रिकामा होता. लग्नसराईत तो रिकामा का होता, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

ते आम्हाला लग्नाच्या संध्याकाळी कळलं. बुटकं छत, तीन खिडक्या, त्यातली एक स्वयंपाकघरात उघडणारी. वऱ्हाड ठाण्याहून आलं, बाजाराच्या गर्दीत गाड्या अडकल्या आणि नवरदेव कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत चालत आला. अंतरपाट धरला आणि वातानुकूलन यंत्राने मान टाकली. मंगलाष्टका म्हणताना भटजींनाच भोवळ आली. व्याह्यांच्या आई खुर्चीत बसल्या बसल्या घामाने इतक्या भिजल्या की त्यांना बाहेर न्यावं लागलं, आणि त्यांच्याबरोबर एकेक करत निम्मं वऱ्हाड न जेवता गेलं. व्याही जाताना आप्पांना एवढंच म्हणाले, "आम्हाला लॉन सांगितलं होतं."

मी मधेच आईस्क्रीम आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो. रस्ता कोरडा ठाक. बामाशेठला फोन केला. "इकरं काय नाय. गार वारा सुटलाय नुसता. झ्याक!" तो म्हणाला. पलीकडून बँडचा आवाज येत होता. आमची तारीख त्याने दुसऱ्या कुणाला दिली होती.

रात्री घरी आल्यावर आप्पा बुटाची नाडी न सोडताच बसले. आत्या समोर होती.

"पडला," ती हळूच म्हणाली. "आंबिवलीला पडला. मी विचारलं तिकडे. गाराही पडल्या."

आप्पांनी मान वर केली. "माझ्या मुलीचं लग्न आंबिवलीला होतं का?"

"ढग तोच होता, अरू. थोडा उत्तरेला सरकला."

"ताई, एकदा म्हण. चुकलं म्हण. बास."

आत्याने चष्मा काढला, पण शिकवणी सुरू केली नाही. "अंदाज चुकला नाही रे," ती म्हणाली. "खोटं कसं म्हणू?"

त्यानंतर आप्पा तिच्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, त्यानंतर बरीच वर्षं नाही. एका छताच्या खाली आणि वर राहून ही अबोल्याची कामगिरी दोघांनी पार पाडली आणि मी दोन्ही बाजूंचा टपालवाला झालो. "तुझ्या आत्याला सांग, टाकीचं पाणी ओसंडतंय." "तुझ्या बापाला सांग, कॉक बिघडलाय." भाऊबीजेला ती यायची. आप्पा पाटावर बसायचे, ती ओवाळायची, आणि आप्पा पूर्ण वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. ओवाळणी ताटात पडायची, शब्द पडायचा नाही. ती पत्र्याचं काय म्हणाली होती, ते तोवर घरात कुणालाच आठवत नव्हतं. 'आत्याने लग्न नासवलं' एवढंच उरलं, आणि शिल्पाला सासरी पहिली काही वर्षं जे ऐकावं लागलं तेही आत्याच्याच खात्यावर टाकलं गेलं.

कुणी तिला काही विचारेनासं झालं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला होता आणि त्यात सूर्याचं चित्र होतं. आमचे जावई ते तिच्या नाकासमोर धरायचे. "आत्या, हे बघा. पिवळा. ढगबिग काही नाही."

"दहातले किती, ते देतं का?" ती विचारायची.

"त्याला काय करायचंय? पिवळा आहे ना?"

खुर्ची सकाळी गॅलरीकडे सरकायचीच. पण अष्टमांश ती आता स्वतःशीच बोलत असावी.

मग आप्पा आजारी पडले. पोटात गाठ, शिवाय हृदय आधीच दमलेलं. ठाण्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं: ऑपरेशन केलं तर त्यातून सुखरूप बाहेर पडण्याची शक्यता तीस टक्के. नाही केलं तर गोळ्यांवर काही महिने, घरी, आपल्या माणसांत. ठरवा. असं डॉक्टर सांगतात आणि निघून जातात, आणि आपण त्या कॉरिडॉरमध्ये चहा प्यायचा की नाही हेसुद्धा ठरवू शकत नाही. आई म्हणाली, यांनाच विचारा. आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "ताईला आण."

मी तिला टॅक्सीने घेऊन निघालो. दिवा गाव मागे पडलं. मग ती म्हणाली, "आकडा काय?"

"तीस."

"त्या डॉक्टरांचा स्वतःचा, की पुस्तकातला?"

मला ते विचारायचं सुचलंही नव्हतं. तिने मान हलवली आणि उरलेला रस्ता डोंगराकडे बघत बसली.

खोलीत आई होती, शिल्पा होती. आप्पा उशीत बुडालेले.

"आलीस?"

"आले."

"बाहेर किती?"

"दोन अष्टमांश."

"बरं," आप्पा म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला. "ताई, तो डॉक्टर तीस म्हणतो. तीस म्हणजे नापास ना गं?"

आत्याने चष्मा काढला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. दहातून तीन वेळा असं, सात वेळा तसं, आता घरी काय आहे आणि इथे काय आहे ते दोन्ही तोलून बघ. ती ते सांगायलाच आली होती. टॅक्सीभर ती तेच जुळवत असणार. शिल्पाने तोंडात ओढणी धरली होती. आप्पा आत्याकडे असे बघत होते, जसे भाऊबीजेच्या पाटावरून त्यांनी इतकी वर्षं बघायला हवं होतं.

"काही होत नाही, अरू," आत्या म्हणाली. "करून टाक. तू घरी येणार."

"नक्की?"

"नक्की."

आप्पांचा चेहरा उजळला. ते आमच्याकडे वळले. "ऐकलंत? ताई नक्की म्हणाली. आयुष्यात कधी म्हणाली नाही. बोलव त्या डॉक्टरला."

ती संध्याकाळ फार छान गेली, हे सांगायला मला अजूनही जड जातं. दोघं बोलत बसले. लहानपणीचं, कुणाच्या तरी विहिरीचं, आजीच्या रागाचं. मधेच आप्पांनी विचारलं, "ताई, तेव्हा आंबिवलीला खरंच पडला होता?"

"खरंच."

"चांगला?"

"एवढाल्या गारा." तिने बोटांनी माप दाखवलं.

आप्पा इतके हसले की नर्स आत आली.

ऑपरेशनमधून ते परत आले नाहीत.

तेराव्याला घर भरलं होतं. जो येईल तो आत्याचे हात धरत होता. कुमुदताई, तुम्ही धीर दिलात म्हणून माणूस हसत गेला हो. व्याही, तेच शिस्तीचे, वाकून तिच्या पाया पडले. आमचे जावई म्हणाले, "आत्या, तुम्ही त्या दिवशी जे केलंत ना, त्याला तोड नाही." ती सगळ्यांना मान डोलावत होती. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर ती ओट्याशी उभी.

"तीन म्हणाले असते," ती म्हणाली, "तर तो घरी आला असता. गॅलरीत बसला असता माझ्याबरोबर. वैशाख बघितला असता."

"आत्या, त्यांना किती बरं वाटलं."

"हो. वाटलं." तिने ओटा पुसायला घेतला, तो स्वच्छच होता. "त्याने मला अंदाज विचारला होता रे."

मी काहीतरी बोललो. अशा वेळी जे बोलतात तेच. माझ्याकडे त्याचा साठा कायम असतो.

नंतर छतातून खुर्चीचा आवाज यायचा बंद झाला. आणि नेमकी तेव्हापासून आत्या सगळ्यांना आवडायला लागली. कुणाचं लग्न, कुणाची सहल, कुणाची घरभरणी, काहीही विचारा, ती म्हणायची, "छान होईल." नीता म्हणाली, "आत्या किती मऊ झाल्या, नाही?" इमारतीतल्या एका बाईंना ऑपरेशनच्या आधी आत्या भेटून आली, 'काही होत नाही' म्हणाली, आणि त्या बाई ठणठणीत परतल्या. मग तर बोलबाला झाला. कुमुदआत्यांना नेऊन आणा, माणसाला उभारी येते. लोक घ्यायला यायचे, सोडायला यायचे, वर नारळ द्यायचे. ज्या अंदाजाला कुणी कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं तो तिने आता द्यायचा बंद केला होता, आणि तिच्या घरात नारळांची रांग लागली होती.

असा धीर द्यायला जाताना मी तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या एप्रिलमध्ये. नीताचा भाऊ, सुहास, कल्याणच्या रुग्णालयात होता. नीता रडत वर गेली आणि आत्याला खाली घेऊन आली. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती. रिक्षात मी तिच्या शेजारी बसलो. पूर्वेला घाटाच्या माथ्यावर ढग चढत होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र, वरून नुकता चपटा होऊ लागलेला. असा ढग दिसला की एके काळी तिने रिक्षा थांबवली असती. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, "ऊन लागतंय रे," आणि माझ्या बाजूचा पडदा खाली ओढायला लावला.

वॉर्डच्या दारात सुहासची बायको उभी होती. तिने आत्याला बघितल्याबरोबर तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि बोलायला लागली, "आत्या, डॉक्टर म्हणतात, चाळीस..."

"नको," आत्या घाईने म्हणाली. इतक्या मोठ्याने की बाकावरचे दोघं-तिघं वळले. "आकडा मला सांगू नकोस."

मग तिने पदर सारखा केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि ती आत गेली.